थेरपी कशासाठी, ते मुलाला विचारू या : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

थेरपी विभागात मुलाचं नाव नोंदलं गेलं, की पहिल्या दोन-तीन भेटींतच त्याच्या केसपेपरवर ध्येयं लिहिली जातात. काही तीन महिन्यांची, काही वर्षभराची. उजव्या मनगटाची हालचाल वाढवणं, टाच टेकवून चालणं, दोन शब्दांची वाक्यं बोलणं, एका जागी दहा मिनिटं बसणं. थेरपिस्ट तपासणी करून ही ध्येयं ठरवतात, आईवडिलांशी बोलून त्यांत भर घालतात, शाळेकडून काही तक्रार आली असेल तर तिचीही दखल घेतात. ज्याच्या हातापायांवर, झोपेवर आणि खेळायच्या वेळेवर या सगळ्याचा भार पडणार असतो, ते मूल त्या वेळी त्याच खोलीत बसलेलं असतं. त्याला कोणी विचारत नाही. यात कोणाचा दुष्टावा नसतो. आई दोन गाड्या बदलून आलेली असते, बाहेर रांग लागलेली असते, आणि लहान मुलाला, त्यातून दिव्यांग मुलाला, अशा गोष्टींतलं काय कळणार ही समजूत आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते.

गेल्या तीन-चार दशकांत या समजुतीला अभ्यासकांनी, थेरपिस्टांनी आणि स्वतः दिव्यांग व्यक्तींनी आव्हान दिलं. त्यातून एक अभ्यासविषय आकाराला आला : मुलांना त्यांच्या थेरपीची ध्येयं ठरवण्यात सहभागी कसं करून घ्यायचं? ही प्रस्तावना त्या विषयाकडे पहिल्यांदा वळणाऱ्या वाचकासाठी आहे. तुम्ही ऑक्युपेशनल थेरपी, फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपी शिकत असाल, विशेष शिक्षक असाल, बालरोगतज्ज्ञ असाल, दिव्यांग मुलाचे आईबाबा किंवा आजी-आजोबा असाल, किंवा ज्यांनी स्वतःचं बालपण थेरपीच्या खोल्यांत काढलं असे तरुण असाल, तर तुमचं इथं मनापासून स्वागत आहे. या विषयाला तुम्हा प्रत्येकाची गरज आहे, आणि कुठलीही एक बाजू बाहेर राहिली तर तो अपुरा राहतो.

इतक्या वर्षांच्या वाचनातून आणि कामातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. मुलाला विचारणं हा थेरपीचाच पहिला भाग आहे. आपल्याला काय जमतं, काय जमत नाही आणि त्यातलं काय जमवायचं आहे, हे सांगायला मूल शिकतं, तेव्हा ते स्वतःकडे नीट पाहायला, निवड करायला आणि त्या निवडीसाठी कष्ट घ्यायला शिकत असतं. हातपाय किती सुधारतील याला शरीराच्या मर्यादा असतात. हे शिकणं मात्र थेरपी संपल्यावरही, मोठेपणी डॉक्टरांशी, शाळा-कॉलेजशी, मालकाशी बोलताना उपयोगी पडतं. म्हणूनच ते सवड मिळाली तर करू, असं म्हणून मागे टाकण्याचं काम नाही. त्याला पद्धत आहे, साधनं आहेत, आणि कुठल्याही कौशल्यासारखा त्याचा सराव करावा लागतो.

या विषयाची मुळं दोन ठिकाणी आहेत. पहिलं मूळ हक्कांच्या विचारात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं बारावं कलम सांगतं, की ज्या मुलाला स्वतःचं मत बनवता येतं, त्याला आपल्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मोकळेपणानं मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचं वय व समज पाहून त्या मताला योग्य ते वजन दिलं गेलं पाहिजे. भारतानं ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. पुढे २००६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात सातव्या कलमानं आणखी एक पाऊल टाकलं : दिव्यांग मुलाला मत मांडता यावं म्हणून त्याच्या दिव्यांगत्वाला आणि वयाला साजेसं साहाय्य मिळणं हाही त्याचा हक्क ठरला. आपल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये चौथ्या कलमात हीच तरतूद आहे आणि ते साहाय्य पुरवण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर टाकलेली आहे. मूल बोलत नाही, म्हणून त्याचं मत घेता आलं नाही, ही सबब त्यामुळे कायद्यापुढे टिकत नाही. त्याला मत मांडता येईल अशी सोय करणं हे आपलं काम आहे.

दुसरं मूळ थेरपीच्या स्वतःच्या इतिहासात आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. जन्मानं अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं आणि भारतात या व्यवसायाचा पाया घातला. माणसाला ज्या कामात अर्थ वाटतो, त्या कामातूनच त्याला बरं करायचं, हा या शास्त्राचा मूळ विचार. पुढच्या काळात मुलांच्या थेरपीत मात्र शरीर दुरुस्त करण्यावर भर येत गेला. स्नायूंचा टोन, सांध्यांचे कोन, चालण्याची ढब यांची मापं हीच ध्येयं होऊन बसली. स्नायू सैल झाला, कोन वाढला, तरी मुलाचा दिवस आहे तसाच राहिला, असा अनुभव अनेक ठिकाणी येऊ लागला.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दिव्यांगत्वाकडे पाहण्याची नवी चौकट मांडली. शरीराच्या रचनेइतकंच महत्त्व तिनं माणसाच्या रोजच्या कृतींना, समाजातल्या सहभागाला आणि भोवतालच्या परिस्थितीला दिलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या कॅनचाइल्ड या संशोधन केंद्रातले पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर यांनी हीच चौकट २०१२ साली सहा सोप्या गोष्टींत उलगडली : मुलाला करता येणारी कामं, त्याचं कुटुंब, त्याची तंदुरुस्ती, त्याची मौज, त्याचे मित्र आणि त्याचं भविष्य. या यादीकडे पाहिलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. मौज कशात येते आणि मित्र कोण, हे मुलाखेरीज दुसरं कोणीही खात्रीनं सांगू शकत नाही.

याच केंद्राशी संबंधित आणखी एक शोध इथं महत्त्वाचा आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारं दिव्यांगत्व, असलेल्या मुलांची बसणं, उभं राहणं, चालणं अशी मोठ्या हालचालींची कौशल्यं कशी वाढतात, याच्या वाढ-रेषा २००२ साली प्रसिद्ध झाल्या. मुलं सरासरीनं आपल्या शक्यतेच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पाच वर्षांच्या आसपास किंवा त्याच्याही आधी पोचतात, असं त्यांतून दिसलं. याचा अर्थ सहाव्या-सातव्या वर्षानंतर थेरपी बंद करायची, असा मुळीच नाही. त्या वयापासून थेरपीचं काम बदलतं : आहे त्या शरीरानिशी शाळेत, घरात, गल्लीत, लग्नाच्या पंगतीत मुलाला कसं वावरता येईल, हे मुख्य काम होतं. नेमक्या याच वयात मूलही आपल्याला काय हवं ते सांगू लागतं. म्हणजे त्याच्या शब्दाची गरज आणि त्याचा शब्द, दोन्ही एकाच वेळी समोर येतात.

आता साधनांकडे वळू. नव्या वाचकाला त्यांतली तीन-चार तरी माहीत असावीत. थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्याच्या क्षेत्रासाठी ध्येयपूर्ती मोजण्याची एक पाच पायऱ्यांची पट्टी तयार केली. अपेक्षित यश म्हणजे शून्य, त्याच्या खाली उणे एक आणि उणे दोन, वर अधिक एक आणि अधिक दोन. प्रत्येक माणसाचं ध्येय वेगळं असलं तरी प्रगती सारख्याच मापानं मोजता येते, ही तिची खुबी. पुढे ती मुलांच्या पुनर्वसनात सर्रास वापरली जाऊ लागली. मेरी लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास कॅनडात एक मुलाखत-पद्धत विकसित केली. तिच्यात माणूस स्वतःच्या अडचणी सांगतो आणि त्या किती महत्त्वाच्या, आज किती जमतं, त्यात किती समाधान आहे, यांना एक ते दहा गुण देतो. लहान मुलांना अशा गुणांचा हिशेब जड जातो, म्हणून शेरिल मिसिउना, नॅन्सी पोलॉक आणि मेरी लॉ यांनी २००४ मध्ये चित्रांच्या जोड्यांचं एक साधन प्रसिद्ध केलं. जोडीतल्या एका चित्रातल्या मुलाला एखादं काम जमतंय, दुसऱ्यातल्याला अवघड जातंय. तू कोणासारखा, आणि थोडासा की खूप, एवढंच मुलाला विचारायचं. शेवटी अवघड वाटलेली चित्रं त्याच्यापुढे मांडायची आणि आपण यांतलं कोणतं शिकू या, ते त्यालाच निवडू द्यायचं.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते जरा जवळून पाहू. नऊ वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया, म्हणजे त्या बाजूच्या हातापायांचा अशक्तपणा, आहे. उजवा हात उघडतो, पण पकड कमजोर आणि मनगट वाकलेलं. आईचं म्हणणं, अक्षर सुधारू दे. थेरपिस्टच्या कागदावर मनगट वर उचलण्याचे अंश आहेत. चित्रांच्या जोड्या लावता लावता मुलगी डब्याच्या चित्रावर थांबते. मधल्या सुट्टीत तिचा डबा रोज शेजारची मैत्रीण उघडून देते. कधी ती मैत्रीण आली नाही, की बाईंना सांगावं लागतं आणि सगळा वर्ग बघतो. मुलीला डबा स्वतः उघडायचा आहे.

इथं पहिला मोह असतो तो डबाच बदलून टाकण्याचा. क्लिपचा प्लास्टिकचा डबा एका हातानंही उघडता येतो. प्रश्न मिनिटभरात सुटतो. पण मुलीला विचारलं तर ती म्हणते, स्टीलचाच हवा, सगळ्यांचा तसाच आहे. तिच्या ध्येयाचा गाभा झाकणात नाही, चारचौघींसारखं डबा काढून जेवायला बसण्यात आहे. हे तिला विचारलं नसतं तर कळलं नसतं. मग थेरपिस्ट आणि मुलगी मिळून पायऱ्या ठरवतात. मैत्रीण उघडून देते, ही आजची स्थिती : उणे दोन. घरून झाकण सैल करून दिलं तर स्वतः उघडते : उणे एक. आठवड्यातले चार दिवस घट्ट झाकण स्वतः उघडते : शून्य, म्हणजे ठरलेलं ध्येय. रोज उघडते आणि जेवून झाल्यावर बंदही करते : अधिक एक. पाण्याच्या बाटलीचं बूचही उघडते : अधिक दोन.

पुढचं काम हेलन पोलाटाय्को आणि अँजेला मँडिच यांनी कॅनडात विकसित केलेल्या पद्धतीनं करता येतं. तिच्यात ध्येय मूल निवडतं आणि ध्येय, बेत, कृती, तपास या चार टप्प्यांत तोडगाही तेच शोधतं. थेरपिस्ट उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारत राहतात. डबा बाकावर घसरतो, हे मुलीच्याच लक्षात येतं. खाली ओला रुमाल ठेवून पाहू, असा बेत ती करते. रुमालानं थोडं जमतं. मग मांडी घालून बसल्यावर डबा दोन मांड्यांत धरला आणि उजव्या हातानं बाजूनं नुसता दाबला, तर डाव्या हातानं झाकण निघतं, हे तिला सापडतं. उजव्या हाताला बोटांची नाजूक पकड जमली नाही तरी डबा दाबून धरण्याचं काम जमतं. त्या दाबण्यात मनगट, कोपर आणि खांदा तिघंही राबतात. थेरपिस्टच्या कागदावरचे अंशही त्यात हळूहळू सरकतात, कारण मुलगी हे दिवसातून दहादा करून पाहते, कोणी न सांगता.

यामागचं शास्त्र गूढ नाही. मेंदू नवी हालचाल शिकतो तो ती हालचाल पुन्हा पुन्हा, खऱ्या जागी, खऱ्या कामासाठी केल्यानं. इतका सराव मुलाकडून दटावून करून घेता येत नाही. ते काम त्याला हवं असावं लागतं. म्हणूनच सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींविषयी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मुलानं किंवा कुटुंबानं निवडलेल्या ध्येयांना आणि त्या कामाच्या प्रत्यक्ष सरावाला अग्रस्थान दिलं. स्वीडनमधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत पाच ते बारा वर्षांच्या दिव्यांग मुलांचे दोन गट केले होते. एका गटात ध्येयं मुलांनी निवडली, दुसऱ्यात पालकांनी. दोन्ही गटांची प्रगती झाली आणि मुलांनी निवडलेली ध्येयंही पालकांच्या ध्येयांइतकीच साध्य झाली. हा निकाल नीट समजून घ्यायला हवा. मुलांची ध्येयं सरस ठरली, असं तो सांगत नाही. मुलांवर निवड सोपवली तर थेरपी वाया जाईल, या भीतीला आधार नाही, एवढं तो सांगतो, आणि एवढं पुष्कळ आहे. मुलांची आणि मोठ्यांची ध्येयं अनेकदा जुळत नाहीत, हे चित्रांच्या साधनावरच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. ती जुळत नाहीत, म्हणूनच विचारायचं.

विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं सर्वांत नेटकं उत्तर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लुंडी यांनी २००७ मध्ये दिलं. मुलाला बोलू देणं पुरेसं नाही, असं त्यांनी मांडलं. त्याला निर्धास्तपणे बोलता येईल अशी जागा हवी, मत मांडायला मदत हवी, ते ऐकणारं कोणी हवं आणि त्या मतानुसार काही तरी बदलायला हवं. आपल्या ओपीडीत यांतली पहिली गोष्टच अवघड असते. मूल आईच्या मांडीला टेकून बसलेलं असतं, समोर पांढरा कोट असतो, आणि 'तुला काय शिकायचंय रे?' असा प्रश्न आला की ते आईकडे बघतं. आई उत्तर देते. मूल मान डोलावतं. केसपेपरवर 'मुलाशी चर्चा केली' असं लिहिलं जातं. ही चर्चा नव्हे.

थोड्या फरकानं चित्र पालटतं. 'काय हवंय' असं थेट विचारण्याऐवजी कालचा दिवस उठल्यापासून उलगडत जायचा. दात कोणी घासून दिले? शाळेत कशानं गेलास? मधल्या सुट्टीत कुठं बसलास? घरी आल्यावर पहिल्यांदा काय केलंस? कुठल्या वेळी वैतागलास? कुठल्या वेळी मजा आली? उत्तर यायला वेळ लागतो, तो द्यायचा. मुलं मोठ्यांना आवडेल असं उत्तर देतात, म्हणून एकच गोष्ट दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी विचारायची. पालकांना आधी विश्वासात घ्यायचं : 'ताई, आज दहा मिनिटं त्यालाच उत्तर देऊ द्या, तुमचं म्हणणं मी नंतर सविस्तर ऐकते.' आणि पुढच्या भेटीत मुलाला सांगायचं, की तू हे म्हणाला होतास, म्हणून आज आपण हे करतोय. लुंडींनी सांगितलेली शेवटची गोष्ट ती हीच. आपल्या बोलण्यानं काही बदलत नाही, असं एकदा लक्षात आलं की मूल बोलणं सोडून देतं, आणि मग त्याला काही कळत नाही, असं आपण म्हणायला मोकळे होतो.

जी मुलं बोलत नाहीत, त्यांच्याबाबतीत या विषयाची खरी कसोटी लागते. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात जोन मर्फी यांच्या पुढाकारानं १९९० च्या दशकात चित्रं चिकटवण्याच्या चटईची एक पद्धत तयार झाली. चटईच्या वरच्या कडेला तीन खुणा असतात : आवडतं, सांगता येत नाही, आवडत नाही. मूल एकेक चित्र हातानं, नजरेनं किंवा मानेच्या इशाऱ्यानं त्या त्या खुणेखाली ठेवायला सांगतं. शेवटी मुलाचं मत एका नजरेत दिसतं आणि त्याचा फोटो काढून ठेवता येतो. ज्या मुलाला हो-नाही एवढंच डोळ्यांनी सांगता येतं, त्याच्यासोबतही हे जमतं. वेळ मात्र जास्त लागतो. वेगवेगळ्या दिवशी तेच विचारून उत्तर पक्कं करून घ्यावं लागतं. तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या बाबतीत त्याच्या चेहऱ्याचं, श्वासाचं, अंगाच्या ताठरपणाचं निरीक्षण हेच त्याचं बोलणं मानून चालावं लागतं. ते वाचण्यात घरच्या माणसांइतकं तरबेज कोणी नसतं.

बोलणं अस्पष्ट म्हणजे विचारही अस्पष्ट, ही समजूत किती फसवी आहे, हे मुंबईच्या मालिनी चिब यांनी आपल्या आयुष्यातून दाखवलं आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची सुरुवात केली. सेरेब्रल पाल्सीसह जगणाऱ्या मालिनी यांनी २०१० साली 'वन लिटिल फिंगर' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. एका बोटानं टंकलेखन करून लिहिलेलं. मराठीत नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' अनेकांनी वाचलेलं असेल. या विषयात येणाऱ्यानं अशी आत्मकथनं संशोधन-लेखांइतक्याच आदरानं वाचावीत. शरीरावर काय केलं जातं आणि ते आतून कसं वाटतं, यांतलं अंतर तिथं कळतं.

आता शंका. त्या खऱ्या आहेत आणि त्यांना उडवून लावून चालणार नाही. मुलानं अशक्य काही मागितलं तर? व्हीलचेअर वापरणारा मुलगा 'मला चालायचंय' म्हणाला तर? त्याला खोटी आशा देऊ नये आणि गप्पही करू नये. चालता आलं तर तू कुठं जाशील, असं त्याला विचारावं. 'कोपऱ्यावरच्या दुकानात, एकट्यानं' असं उत्तर आलं, तर व्हीलचेअर स्वतः चालवायला शिकणं, दुकानाच्या पायरीवर फळी टाकणं, सुटे पैसे मोजायला शिकणं, ही तीन खरी ध्येयं हाती लागतात. चालण्याबद्दलचा प्रश्न मात्र तो पुन्हा विचारेल, तेव्हा त्याचं खरं उत्तर त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत द्यावं लागतं. ते टाळू नये.

सगळंच मुलावर सोपवायचं का? नाही. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा सुरुवातीला न दुखता सरकू शकतो. तो वेळच्या वेळी एक्स-रे काढून तपासणं, सांधे आखडू नयेत म्हणून काळजी घेणं, घास घशात अडकू नये म्हणून खाण्याची पद्धत बदलणं, या जबाबदाऱ्या मोठ्यांच्याच आहेत. पण त्यांतही मुलाला जागा आहे. स्प्लिंट रात्री घालायचा की अभ्यासाच्या वेळी, स्ट्रेचिंग आजीनं करायचं की बाबांनी, आज पुरे झालं हे सांगायची खूण कोणती, हे त्याला ठरवता येतं. आणि मूल 'मला थेरपीच नको' म्हणालं, तर त्या नकारात काही तरी सांगितलेलं असतं : दुखतं, कंटाळा येतो, खेळायची वेळ बुडते किंवा मित्र चिडवतात. नेमकं काय, ते शोधणं हेही आपलंच काम.

आणि कुटुंबाचं काय? आपल्याकडे मुलाचे निर्णय घरातली मोठी माणसं घेतात. आजोबांच्या शब्दाबाहेर सून जात नाही, अशी घरं आजही पुष्कळ आहेत. मुलाला विचारणं म्हणजे आईवडिलांना डावलणं, असा अर्थ तिथं निघू शकतो. तो निघू देऊ नये. वर्षानुवर्षं मुलाला कडेवर घेऊन केंद्राच्या पायऱ्या चढणाऱ्या आईची ध्येयंही खरी असतात, आणि तिची दमणूकही. ध्येयांच्या यादीत मुलाचं एक, घराचं एक आणि थेरपिस्टचं एक, अशी सुरुवात केली तरी पुष्कळ साधतं. आपलं मूल स्वतःहून काही मागतंय, हे आईवडिलांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं की बहुतेक घरांत पुढचा वाद उरत नाही.

महाराष्ट्रात या कामाला मोठं मैदान आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरला झाली. त्यातून मुलांची तपासणी होऊन ती जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत येतात. शाळांत विशेष शिक्षक जातात. शहरांत खासगी केंद्रं आहेत. या सगळ्या ठिकाणी ध्येयं लिहिली जातात. पण मुलापुढे मांडायला चित्रं कुठली? परदेशी साधनं तिथल्या मुलांच्या दिनक्रमावरून घडलेली आहेत. आपल्या मुलांचा दिवस वेगळा असतो. वरणभात हातानं कालवून खाणं, भाकरीचा तुकडा मोडणं, मांडी घालून पंगतीत बसणं, उकिडवं बसणं, बादलीतून तांब्यानं पाणी घेऊन अंघोळ करणं, एसटीची उंच पायरी चढणं, गणपतीच्या आरतीत टाळ धरणं, यांची चित्रं आपल्यालाच काढावी लागतील. पायात बूट-कॅलिपर असलेल्या मुलाला घरात, देवळात आणि कित्येक वर्गांतही चपला-बूट बाहेर काढावे लागतात. मग दिवसातला बराच वेळ तो आधाराविना चालतो. ही अडचण त्या परदेशी चित्रांत सापडायची नाही. आपल्या मुलांना विचारलं, तर ती पहिल्या पाचांत येईल, असा माझा अंदाज आहे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या बोलीत विचारणं, हा त्यापुढचा टप्पा. पाठ्यपुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला नंदुरबारच्या पाड्यावरचं मूल गप्प राहिलं, तर ते त्याच्या समजेचं माप नव्हे.

म्हणजे नव्या अभ्यासकाला करण्यासारखं खूप आहे. आपल्या मुलांच्या दिवसावर बेतलेली चित्रं तयार करून ती वेगवेगळ्या जिल्ह्यांत वापरून पाहता येतील. मुलांची ध्येयं आणि पालकांची ध्येयं कुठं जुळतात, कुठं नाही, याची मराठी घरांतली नोंद करता येईल. मोठ्या सरकारी ओपीडीत, मोजक्या मिनिटांत, मुलाला विचारण्याची रीत बसवता येईल. थेरपीच्या अभ्यासक्रमात सांधा मोजण्याची जशी प्रात्यक्षिक परीक्षा असते, तशी मुलाची मुलाखत घेण्याचीही ठेवता येईल. आणि जी दिव्यांग मुलं आज मोठी झाली आहेत, त्यांना या संशोधनात सहसंशोधक म्हणून मानानं बोलावता येईल. लहानपणी तुम्हाला कोणी काय विचारायला हवं होतं, हा प्रश्न त्यांना विचारूनच या कामाची आखणी व्हावी, असा माझा आग्रह आहे.

यांतलं काहीही हाती घेण्याआधी एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करता येते. तुमच्याकडे येणाऱ्या एका मुलासोबत, घरी असाल तर तुमच्या स्वतःच्या मुलासोबत, त्याचा कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत उलगडून पाहा. त्याला त्यातलं काय बदलायचं आहे, ते त्याच्या पद्धतीनं सांगू द्या. जे येईल ते त्याच्याच शब्दांत, खुणेत किंवा चित्रात केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहा, खाली तारीख घाला, आणि पुढची थेरपी त्या ओळीपासून सुरू करा. एवढं केलंत, की तुम्ही या विषयाचे विद्यार्थी झालात.